साहेब खूश आहेत

डोळेवालीने टीव्हीच्या खालच्या काठावर काळी चिकटपट्टी लावली आणि अंगठ्याने दाबून बसवली. सिनेमाच्या खाली आपल्या भाषेत येणारी अक्षरं आता झाकली गेली.

"अगं, मग तो माणूस मेला की नुसताच पडलाय, हे मला कसं कळायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"बोलण्यावरून कळेल, आई. कान उघडे ठेवा."

बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे बसवता बसवता तिचं हे नाव पडलं होतं. मालक परदेशी. वर्षातून एकदा येत, आणि त्यांचं नि बायकांचं बोलणं दुभाष्याच्या तोंडून होई. रबराची डोकी आधी कोमट पाण्यात बुडवली की डोळे न तडकता बसतात, ही युक्ती डोळेवालीची. मागच्या खेपेला तिने ती साहेबांना हातवाऱ्यांसकट समजावली. साहेब बराच वेळ काहीतरी बोलले. दुभाष्याने सांगितलं, "साहेब खूश आहेत." महिन्याभरात त्याच युक्तीबद्दल दुभाष्याच्या नावाची चकचकीत ढाल कचेरीच्या भिंतीवर लागली. आणि आता विभागाची मुकादमी तो आपल्या मेहुण्याला मिळवून देणार, असं सगळ्या बोलत होत्या. मेहुण्याने डोळे बसवले की बाहुली हमखास चकणी निघायची.

ढाल लागली त्याच संध्याकाळी डोळेवालीने साहेबांच्या भाषेतला पहिला सिनेमा लावला. तिला मिळाले ते सगळेच नेमके गुंडांचे निघाले. मिळाले ते मिळाले म्हणून तिने एकेक सिनेमा वीस-वीस वेळा बघितला. भांडी घासताना ती खर्जात धमक्या पुटपुटायची. नवऱ्याला एक अक्षर कळत नसे, तरी तो पलंगावरचा ओला टॉवेल मुकाट्याने उचलून वाळत घालायला लागला.

"एवढं शिकलीस, पण त्यांच्यात नमस्कार कसा म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"या सिनेमांत कुणी नमस्कार करत नाही, आई."

साहेब आले. दुभाषी, त्यामागे इस्त्रीच्या शर्टातला मेहुणा. डोळेवालीने मुद्दाम पुन्हा तीच युक्ती पहिल्यापासून सांगितली आणि दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने साहेबांना सांगितलं की या बाईची पाण्याने हात खराब होतात अशी तक्रार आहे, पण मेहुण्याने समजावलं की ऐकते.

तिने हात पदराला पुसले. स्टूल ओढून साहेबांच्या मागे ठेवलं.

"बसा," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. आवाज खर्जातला, त्या भाषेत तिच्याकडे दुसरा आवाजच नव्हता.

साहेब बसले. दुभाषीही बसला, डोक्यांच्या खोक्यावर.

"हा माणूस खोटं बोलतो. मी एकदाच सांगणार आहे."

तिने एक डोकं पाण्यातून काढलं, दोन्ही डोळे टचकन बसवले आणि ते साहेबांच्या मांडीवर ठेवलं. बाहुली साहेबांकडे सरळ बघत होती. साहेबांनी हात वर करायचे का, असा चेहरा केला. मग ती दुभाष्याकडे वळली.

"मी काय म्हणाले, ते बायकांना सांग. शब्द गाळायचा नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने शब्दाला शब्द सांगितला. 'हा माणूस खोटं बोलतो' पाशी त्याचा आवाज बसला, तर मागून कुणीतरी म्हणालं, ऐकू नाही आलं, परत सांगा. त्याने परत सांगितलं. मेहुणा तोवर दाराशी पोचला होता.

साहेबांनी बाहुलीचं डोकं जपून खाली ठेवलं आणि हळू आवाजात डोळेवालीला विचारलं, या माणसाचं काय करू? आजच काढून टाकू का?

दुभाष्याने मान वर केली. तो प्रश्न तिथे दोघांनाच कळला होता.

"विचार करून सांगते," ती साहेबांना त्यांच्या भाषेत म्हणाली. सिनेमातले मोठे गुंड असंच म्हणत.

"काय गं, काय म्हणाले?" बायका पुढे सरकल्या.

डोळेवालीने पुढचं डोकं पाण्यात सोडलं. दुभाषी तिच्या ओठांकडे बघत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "साहेब खूश आहेत."