‘चार्ज’चे सहा अर्थ

शके १७३८, मार्गशीर्ष. संगमाजवळच्या इंग्रजांच्या छावणीत कारकुनी करणारा दिगंबर तीन आठवडे कैदेत होता. छावणीतली पत्रे बाहेर दाखवल्याचा आरोप होता. त्याचा थोरला भाऊ दीनानाथपंत थोडे इंग्रजी शिकलेला. छावणीचा साहेब इंग्रजी-मराठी कोश जुळवत होता. त्याने दीनानाथपंतांना अट घातली : ‘चार्ज’ या शब्दाचे सगळे अर्थ, प्रत्येकाच्या वापराचे एकेक वाक्य, मराठीत लिहून आणा. मंगळवारी दोन प्रहरी मी मुंबईस निघतो. तोवर यादी आली तर भाऊ सुटेल. नाही तर तो माझ्याबरोबर येईल, आणि तिथून हद्दपारीच्या जहाजावर चढेल.

मंगळवारी सकाळी नारायण पेठेतल्या घरात पाच अर्थ लिहून झाले होते. ओझे. जबाबदारी. आरोप. चढाई. तोफेत भरायची दारू. सहावा अर्थ, ताबा. त्यापुढे वाक्य लिहायचे होते, ‘कैदी पहारेकऱ्याच्या ताब्यात आहे.’ ‘कैदी’च्या जागी पंतांनी लिहिले, ‘भाऊ’. मग तो शब्द खोडला.

वीस वर्षे ते पेशव्यांच्या दफ्तरात होते. तिथे खाडाखोडीचा कागद बाहेर जात नसे. त्यांनी नवा कागद पुढे ओढला.

“दिना, आता काय?” आई, मथुराबाई, दारात उभ्या होत्या.

“खाडाखोड झाली. पहिल्यापासून नक्कल करतो.”

“तसाच ने. साहेब काय तुझं अक्षर पुजायला बसलाय?”

“खोडलेला कागद म्हणजे खोटा कागद, आई. तेवढ्यावरून अडवतील.”

“ते नाही, तूच अडवतोयस.”

पंतांनी लेखणी शाईत बुडवली. सहाही अर्थ पुन्हा उतरवले, वाळू टाकून शाई टिपली, आणि धावत नदीकाठ गाठला.

छावणीत तंबूच्या खुंट्यांची भोके उरली होती. मागे राहिलेला एक कारकून पेट्या बांधत होता.

“उशीर केलात, पंत. साहेब अर्धी घटका थांबले तुमच्यासाठी. म्हणत होते, अर्धीमुर्धी यादी असली तरी चालेल.”

“आणि दिगंबर?”

“गाडीत बसवला. सारखा मागे बघत होता.”

यादी घ्यायला तिथे कोणी नव्हते. पंत ती तशीच घेऊन घरी आले. मथुराबाईंनी त्यांच्या मागे, रस्त्यावर पाहिले. कोणी नव्हते. मग त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“छान आलंय अक्षर,” त्या म्हणाल्या.