असिस्टंटचं गाठोडं

कबड्डीच्या मॅचआधी खेळाडू अंगावरचं सगळं काढून ठेवतात. घड्याळं, अंगठ्या, गळ्यातले बदाम, दंडावरचे ताईत. ते सांभाळायचं कोणी? असिस्टंट कोचनं. दर्यापूरच्या संघाचे असिस्टंट कोच अब्दुल रहीम हे सारं आपल्या चौकड्याच्या दुपट्ट्यात बांधत, गाठोडं काखोटीला मारत आणि मैदानाच्या कडेला उभे राहत. अशी बावीस वर्षं गेली. संघ जिंकला की फोटो निघे, आणि गाठोडं तेव्हाही त्यांच्याचकडे. ते घेऊन फोटोत कसं उभं राहायचं? सहा मुख्य कोच आले, गळ्यात हार घालून घेऊन गेले. रहीमभाई जिथल्या तिथं.

पेपर आला की हलीमाबी चष्मा लावून नवऱ्याला शोधत.

"तुमी कोठी हा याच्यात?"

रहीमभाई फोटोच्या कडेला बोट ठेवत. "हे बाही दिसते ना, ते माही."

यावर हलीमाबी जे बोलत, ते इथं न सांगितलेलंच बरं.

माणूस मात्र डोकेबाज. ती वर्षं वाईट होती. कापसानं दगा दिलेला, बैलजोड्या बाजार दाखवून झालेल्या, खळी ओस पडलेली. रहीमभाईंनी त्याच ओस खळ्यांवर पोरं उतरवली. मळणीत एका दाव्याला बांधलेल्या बैलांची रांग, म्हणजे पात, खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती फिरते. मेढीजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, टोकाचा पळतो, पण दावं कुठं सैल पडत नाही. रहीमभाई सात पोरांच्या हाती दोर देत आणि त्यांना तसंच फिरवत. मग मॅचमध्ये चढाईवाला आत शिरला की उजव्या कोपऱ्यातला गडी पाय रोवून उभा राही आणि बाकीची साखळी त्याच्याभोवती वळून दार लावून घेई. सरावात पोरांना गरगरे, उलट्या होत, पण रहीमभाईंचा दोर थांबत नसे.

दोन हजार सहा साली दर्यापूरच्या मंडळानं नवे मुख्य कोच आणले. सूर्यभान त्यांचं नाव, शिक्षण पुण्याचं. त्यांना कबड्डीत बैल नको होते. मंडळानं रहीमभाईंना शाल-नारळ देऊन मोकळं केलं. त्या समारंभाला फोटोवाला बोलवायचं कोणाला सुचलंसुद्धा नाही. ते रहीमभाईंना फार लागलं.

अकोल्याच्या संघाचे कोच खुशालराव यांनी त्यांना बोलावून घेतलं, पुन्हा असिस्टंट म्हणूनच. रहीमभाई तेव्हा चोपन्न वर्षांचे. त्यांनी घरी सांगून टाकलं, की यंदा अकोल्यानं विदर्भाचा कप मारला तर ठीक, नाही तर आपण घरच्या दुकानात बसून पत्र्याच्या पेट्या ठोकायच्या आणि मैदानाचं नाव काढायचं नाही.

अकोल्याची पोरं नाजूक निघाली. तिसऱ्याच दिवशी एक भोवळ येऊन पडला. वयानं रहीमभाईंचा जीवही हळवा झाला होता. बैलांना गरगरलं की शेतकरी पात उलटी फिरवतो, तशी त्यांनीही रोज थोडा वेळ उलटी फिरवायला सुरुवात केली. पोरांना आराम म्हणून, बस. त्यात डावबीव काही नव्हता.

आणि फायनलला समोर कोण यावं? दर्यापूर. कप्तान नितेश, रहीमभाईंनी हाताला धरून वाढवलेला. उजव्या कोपऱ्यातला गडी जागा सोडत नाही, हे त्याला पाठ. तो सरळ त्याच्या अंगावर जाई, शिवे आणि परत फिरे. हाफटाइमला दर्यापूर एकोणीस, अकोला अकरा. सूर्यभान पायावर पाय टाकून बसले होते.

खुशालराव पोरांवर तोंडसुख घेत होते. रहीमभाईंनी त्यांचा हात धरला.

"पोरायले बोलू नका, चूक माही हाय. त्याले समदं मीच शिकवलं. आता पात उलटी फिरवा. मेढ डाव्या कोपऱ्यात."

खुशालराव पोरांकडे वळले आणि म्हणाले, "चाचा म्हणतात तसं."

नितेश सवयीनं उजवीकडे घुसला. तिथला गडी उभा नव्हता, पळत होता. दार लागलं. पुढच्या खेपेला पुन्हा लागलं. एकेक गुण चढत अकोला अठ्ठावीस, दर्यापूर सत्तावीस, आणि उरली शेवटची चढाई. नितेशही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. या वेळी तो डावीकडे वळला. रहीमभाईंनी गाठोडं असं आवळलं की आतला एक ताईत तळव्यात रुतला. पण पोरांनी कोणी न सांगता पात पुन्हा सुलटी केली, आणि नितेश मधल्या रेषेपासून हातभर अलीकडे सातजणांखाली दबला.

अकोला जिंकलं होतं. रहीमभाई रडले, आणि त्यांनी डोळेही पुसले नाहीत.

नितेश धूळ झटकत त्यांच्यासमोर आला. "चाचा, आमालेबी गरगरे. आमची पात कावून नाई उलटवली कदी?"

"तवा मले अक्कल नव्हती, बेटा," रहीमभाई म्हणाले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

तेवढ्यात फोटोवाल्यानं हाक दिली. पोरं कपाभोवती गोळा झाली आणि रहीमभाई नेहमीसारखे बाजूला सरकले. खुशालराव रांगेतून बाहेर आले. त्यांनी गाठोडं काढून घेतलं, स्वतःच्या काखोटीला मारलं आणि कप रहीमभाईंच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी हलीमाबींनी चष्मा लावला. आज शोधावं लागलं नाही. नवरा मधोमध होता, कपासकट, तोंड उघडं टाकून हसणारा. मग त्यांनी फोटोच्या कडेला बोट ठेवलं.

"मंग हे बाही कोनाची?"

"ते खुशालरावची," रहीमभाई म्हणाले.