आबासाहेबांच्या गाडीची दोन बटणं

तंत्रज्ञान माणसामाणसांतला भेद मिटवतं. वरचा-खालचा यंत्राला ठाऊक नसतो. चाक ज्याच्या हाती, त्याच्यासाठी ते सारखंच फिरतं. हा विचार आबासाहेबांचा होता, आणि काष्टीच्या अलीकडे त्यांनी काढलेल्या तंत्रनिकेतनाच्या दर्शनी भिंतीवर तो संगमरवरात कोरलेला होता. संगमरवराच्या खाली पाण्याचे दोन माठ होते. एक कायम प्राध्यापकांचा, दुसरा तासिकेवरच्यांचा. दुसऱ्याला झाकण नव्हतं.

सम्राट साळवे दुसऱ्या माठातलं पाणी प्यायचा. तो ऑटोमोबाईल विभागात शिकवत होता, म्हणजे विभाग तोच होता. तिथली एकमेव जागा राखीव होती. दर जूनमध्ये तिची जाहिरात निघायची, सम्राट इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला जायचा, समिती त्याला चहा पाजायची आणि इतिवृत्तात शेरा मारायची, की योग्य उमेदवार मिळाला नाही. लगेच दुसऱ्या दिवसापासून हा अयोग्य उमेदवार त्याच जागेवर, त्याच पोरांना, तासाच्या हिशेबानं शिकवायला लागायचा. त्याला कायम व्हायचं होतं. एवढंच हवं होतं. त्याची बायको प्रज्ञा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि कायम होती. ती यावरून कधी बोलायची नाही. कुणी 'मिस्टर काय करतात' विचारलं, की फक्त म्हणायची, "अजून शिकवतातच."

त्या वर्षी आबासाहेबांनी दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून एक जर्मन गाडी आणली. चार दारांची, दिसायला सभ्य, पण अंगानं शर्यतीची. गिअर आपले आपण बदलायचे. त्यामुळे ड्रायव्हर गोरक्षनाथचा डावा पाय बेकार झाला, पण नोकरी शाबूत राहिली. गोरक्षनाथ आबासाहेबांच्या भावकीतला होता, म्हणजे तो जन्मतःच कायम होता. कारखान्याचे चेअरमन, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि तालुक्याचे जे काही उरेल ते सगळं आबासाहेबच असल्यामुळे गाडी त्यांना शोभून दिसायची.

शोभा फार दिवस टिकली नाही. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी गहिनीनाथनं आपली गाडी आबासाहेबांच्या पुढं काढली. गहिनीनाथ पूर्वी कारखान्याचा उपाध्यक्ष होता, आता विरोधी पॅनेलचा म्होरक्या होता आणि त्याच्याकडं नुकत्याच बाजारात आलेल्या कोरियन गाड्यांतली एक होती. बैलांच्या, शेळ्यांच्या आणि मतदारांच्या देखत तो सुळकन पुढं गेला. तोही हॉर्न न वाजवता. हॉर्न वाजवला असता तर तो घाईत होता असं तरी म्हणता आलं असतं.

आबासाहेब चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग मुंबईला गेले असता एका मंत्र्याच्या पीएनं त्यांना ज्ञान दिलं. परदेशी गाड्यांत चालवायच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात, त्यांना मोड म्हणतात; काही मोड उघड असतात, काही खास गिऱ्हाइकांसाठी झाकून ठेवलेले असतात. गिअरशेजारी कोरी बटणं दिसली, की समजायचं खाली काहीतरी दडलंय. आबासाहेबांनी गाडीत येऊन पाहिलं. गिअरशेजारी दोन कोऱ्या पट्ट्या होत्या.

सम्राटला बंगल्यावर बोलावणं आलं. आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते. सम्राट उभा होता, कारण खुर्ची नव्हती, आणि खुर्ची नसायची व्यवस्था तिथं फार जुनी होती.

"इंजिनेर," आबासाहेब म्हणाले, "ह्या गाडीनं आमच्यापास्नं काय तरी लपवलंय. कारखान्यात मी असलं कुनाचं खपवून घेत न्हाई, मग गाडीचं काय म्हनून घिऊ? मोळी टाकायच्या आत उघडून द्या." मग झोपाळा थांबवून म्हणाले, "तुमचंबी एक काम अडून हाय. मला ठाव हाय."

मोळी टाकायची म्हणजे गळीत हंगामाची सुरुवात. उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडली, की चरक फिरतो, आणि चरक फिरला की तालुका फिरतो. त्याला अजून वेळ होता. गाडी तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपात आली. तिथं शिकायला म्हणून एक जुनी अँबॅसिडर उभी कापून ठेवली होती. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा न कापलेली गाडी आतून पाहिली.

सम्राटनं पट्ट्या उचकटल्या. खाली खरंच तारा होत्या, टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळून कुणीतरी झोपवून ठेवलेल्या. तारांचा माग काढत काढत तो गिअरच्या पेटीपर्यंत पोचला, बटणं नव्हती म्हणून रिक्षाची दोन बटणं बसवली, आणि पहिलं दाबलं. काचेमागं एक छोटी चांदणी पेटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळा मदतनीस म्हणाला की हे सुदर्शनचक्र आहे.

ते बर्फाचं फूल होतं. सम्राटनं ते पुस्तकात पाहिलं होतं. नगर जिल्ह्यात ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं असायचं काही कारण नव्हतं. बर्फाळ रस्त्यावर चाकं घसरू नयेत म्हणून गाडी थांबून निघताना एकदम तिसऱ्या गिअरात निघते, पाय कितीही दाबा, म्हाताऱ्या बैलासारखी उठते. त्यासाठी तो मोड. मैदानात एक चक्कर मारून त्यानं खात्री केली. मग दुसरं बटण दाबून बसून राहिला. थोड्या वेळानं त्याच्या बुडाखालची गादी गरम झाली. थंड देशातल्या माणसांची सोय. वकिलातीतल्या कुठल्यातरी साहेबानं दिल्लीच्या उन्हाला वैतागून दोन्ही बटणं काढून टाकली असणार. साहेब शहाणा असणार.

तो प्राचार्य शामकांत यांच्याकडं गेला. शामकांत हे सरळ गृहस्थ होते. त्यांच्या तीन पिढ्या शिकवण्यात आणि कारकुनीत गेल्या होत्या, आणि त्या तिन्ही पिढ्यांत वरच्या माणसाला कुणी कधी 'नाही' म्हटल्याची नोंद नव्हती.

सम्राटनं सगळं सांगितलं. शामकांतांनी चष्मा काढून पुसला.

"बर्फासाठी?"

"हो सर."

"आणि दुसरं?"

"गादी गरम करायला."

शामकांत खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर उन्हात एक कुत्रं सरकत्या सावलीबरोबर सरकत होतं. "साळवे," ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलेलंच नाही."

"पण सर, गाडी हळू होणार."

"कुणाच्या तुलनेत?" शामकांतांनी चष्मा लावला. "आबासाहेबांच्या पुढं गाडी काढणारा तालुक्यात एकच माणूस आहे, आणि मोळीच्या कार्यक्रमाला त्याला बोलावलेलं नाही. तुमच्या ऑर्डरीचं या वेळी होतंय. मी स्वतः शब्द टाकलाय. आता त्यात बर्फ आणू नका."

घरी सम्राटनं प्रज्ञाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"जाऊन सांगून टाका आबासाहेबांना."

"सांगणारच आहे. ऑर्डर हातात आली, की."

"ऑर्डर आली की नाही सांगणार," ती पोळी उलटत म्हणाली. "ज्यांच्याकडं ऑर्डरी आहेत, त्यांच्यातलं कोण बोलतं?"

मोळीच्या दिवशी गाडीला झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली, टपावर हळदीकुंकू वाहिलं. गोरक्षनाथनं दोन्ही बटणं दाबली. चांदणी पेटली. आबासाहेबांनी तिला हात जोडले आणि ताफा निघाला. पुढं जर्मन गाडी, मागं संचालकांच्या जीपा, त्यांच्या मागं प्राध्यापकांना भरून आणलेला ट्रक. आबासाहेबांच्या ताफ्याची एक रीत होती: त्यांच्या गाडीच्या जवळ जायचं नाही. त्यांनी वेग वाढवला तर मागच्यांनी थोडा वाढवायचा. त्यांनी कमी केला तर मागच्यांनी पुष्कळ कमी करायचा. असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं.

वाटेत दर वस्तीवर सत्कार. गाडी थांबायची, हार पडायचा, गाडी निघायची, म्हणजे उठायची. गोरक्षनाथ पाय रोवायचा, इंजिन घुमायचं, आणि जर्मनीची ती रग विचार करत करत पुढं सरकायची. मागं जीपांचे ड्रायव्हर ब्रेकवर उभेच होते. पुढचे अंतर राखायचे, त्यांच्या मागचे त्यांच्यापासून राखायचे, आणि ताफ्याच्या शेवटी ट्रक जागचा हलत नव्हता. प्राध्यापक उतरून सावलीला बसले. कॅन लावलेल्या सायकलवरून एक दूधवाला आबासाहेबांच्या पुढं निघून गेला. त्याला नंतर समज देण्यात आली.

आबासाहेबांनी मागच्या काचेतून पाहिलं. संचालक लांब राहिले होते. जीपा ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. ट्रक दिसतच नव्हता.

"गोरख, बघितलं का? समद्यांस्नी मागं टाकलं."

"व्हय आबा," गोरक्षनाथ म्हणाला. तो घामानं निथळत होता.

"आन खालनं ऊब येती, जानवती का?" आबासाहेब गादीवर हात फिरवत म्हणाले. "लई ताकद हाय. इतके दिस दाबून ठिवली हुती."

कारखान्यावर मंडपात मोळी पडली, चरक फिरला, भाषणं झाली. प्रत्येक संचालकानं गाडीच्या वेगाचा उल्लेख केला. एकानं सांगितलं की त्यांच्या जीपेच्या काट्यानं शेवटचा आकडा गाठला तरी आबासाहेब दिसेनात. मग सम्राटला दोन शब्द बोलायला उभं केलं.

माइकपर्यंत जाताना त्याच्याकडं एक वाक्य तयार होतं. फार साधं होतं. बर्फ हा शब्द त्यात सुरुवातीलाच होता. समोर शेकडो माणसं बसली होती, पहिल्या रांगेत शामकांत चष्मा पुसत होते, बायकांच्या बाजूला प्रज्ञा शाळेतल्या बाईंबरोबर बसली होती आणि सरळ त्याच्याकडं बघत होती.

"रस्त्याची परिस्थिती पाहून गाडीची चालण्याची तऱ्हा बदलता येते," सम्राट म्हणाला, "हे या यंत्रणेचं वैशिष्ट्य आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो जागेवर येऊन बसला. टाळ्या पडल्या. प्रज्ञानं पदर सारखा केला.

आबासाहेब उठून माइकवर आले. "ह्या पोराला कायम करायचं," त्यांनी जाहीर केलं. "उद्याच्या उद्या. मी शब्द दिला म्हंजी दिला." शामकांतांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

ऑर्डर खरंच दुसऱ्या दिवशी आली. कारखान्याचा शिपाई घरी घेऊन आला. सम्राटनं ती उभ्या उभ्याच वाचली, मग बसून वाचली. साखर कारखाना, वाहन विभाग, गॅरेज सुपरवायझर. कायम.

तो तसाच तंत्रनिकेतनात गेला. शामकांतांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी त्याला समजावून सांगितलं, की कॉलेजची जागा राखीव, म्हणजे तिथं समिती आली, नियम आले, तंत्रशिक्षण मंडळ आलं, आबासाहेबांची कितीही इच्छा असली तरी वेळ लागणार. गॅरेजात तसलं काही नाही. आबासाहेब म्हणाले कायम, की कायम.

"सर, मी शिकवतो."

"ते आहेच. पण तुमची गुणवत्ता दिसली कुठं, ते बघा ना." शामकांत मऊ आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं मुलाखतीत आम्हाला दिसली नव्हती. काल सगळ्या तालुक्याला दिसली."

सम्राटच्या मनात आलं, की आता जाऊन सांगावं, ते बटण कशाचं आहे. मग त्याच्या लक्षात आलं, की ते सांगितलं तर गॅरेजही जाईल, आणि कॉलेजात परत घ्यायचं तर तेही आबासाहेबांनीच घ्यायचं. तो ऑर्डर खिशात घालून बाहेर पडला. प्रज्ञा म्हणाली होती तसंच झालं, फक्त ऑर्डर निराळी होती.

रात्री जेवताना तिनं कागद वाचला, घडी घातली, त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"कायम आहे," ती म्हणाली.

"हो."

"आता कुणी विचारलं तर काय सांगू?"

त्यानं वरण मागितलं.

सोमवारी तो हजर झाला. गोरक्षनाथनं त्याला कामाचं स्वरूप समजावलं. गाडी निघताना पुढच्या सीटवर बसायचं आणि आबासाहेबांनी सांगितलं, की बटणं दाबायची. शिकलेल्या माणसाचं काम, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, अशी आबासाहेबांची आज्ञा होती. "मास्तर," गोरक्षनाथ दार उघडून म्हणाला, "बसा. चांदनी लावा." सम्राट बसला. गादी आधीच उन्हानं तापली होती.

दुपारी स्टोअरकीपरनं सही घेऊन त्याला गणवेशाचं खाकी कापड दिलं. कापड कारखान्याचं होतं. शिलाई ज्याची त्यानं द्यायची होती.