भाट्याच्या पाण्याचा गंज

गंजाचा पापुद्रा तळहातावर येऊन पडला — आमसुलाएवढा, साधारण त्याच रंगाचा — आणि विनीतला वाटलं, चला, सकाळपासून एवढं तरी निघालं. ब्रेकची डिस्क मात्र जागची हलली नव्हती. चाक काढलं, डिस्कला धरून बसणारा कॅलिपर काढला, तीन दिवस तेल सोडून झालं, भोकांत बोल्ट पिळून रेटा दिला तर बोल्टच वाकला. शेवटी त्याने डिस्कला हळू आवाजात 'प्लीज'सुद्धा म्हणून पाहिलं. चार वाजता देवरूखचा माणूस पिकअप विकत न्यायला येणार होता. ही डिस्क निघून नवी बसली तर.

"हातोडा कडेला मार, मेल्या," वडील खुर्चीतून म्हणाले. आप्पांना आता दिसत नव्हतं जवळजवळ, पण लोखंडाचं सगळं कानाने कळायचं.

ठण्. हा गंज कुठला, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनी अकरा वर्षं बोटीवर काढलेली. लोखंड खाऱ्या पाण्यात सुखी असतं, ही त्यांची पक्की समजूत. म्हणून दर रविवारी मासळी पोचवून झाली की पिकअप भाट्याच्या किनाऱ्याला, ओहोटीच्या पाण्यात, चाकं बुडेस्तोवर... नऊ-दहा वर्षांचा विनीत हौद्यात, आणि आप्पा टायर घासताना गाडीला विचारायचे, "गार लागतंय काय गो?" आई म्हणायची, मला नाही कधी विचारलंन. एकदा भरतीत गाडी रुतली तर बापलेक टपावर बसून भजी खात राहिले — थोडाच ठेवून घेतोय समुद्र, आप्पा म्हणाले — आणि ती खारट भजी अजून जिभेवर...

ठण्. आवाज बदलला. डिस्क केसभर सुटली होती.

विनीतने पुढचा घाव बाजूला काढून ठेवलेल्या चाकावर घातला. मग आणखी एक, तिथेच.

"विनीत," आप्पा म्हणाले, "ते चाक हाय."

"माहितेय."

"मग?"

महिनाभर तो बायकोला सांगत आला होता, गाडी विकणं आप्पांना जड जाईल, सावकाश घेऊ. आणि आप्पा तर बशीतला चहा फुंकत बसलेले, केव्हाच निरोप देऊन मोकळे झाल्यासारखे. इतके दिवस तो ज्यांचं दुःख जपत होता, त्यांच्याकडे ते नव्हतंच... मग होतं कुणाचं, हे विचारायला समोर फक्त डिस्क होती, आणि ती तर आता सुटत आली होती.