पाहुणे आले की मला लपवतात

मी एक जुना हॅमॉक आहे, म्हणजे दोन टोकांना टांगून आत झोपायचे दोरीचे जाळे. मित्रांनो, हे सांगताना मी मान खाली घातली असती, पण मला मानच नाही. दोन टोकांच्या मध्ये सगळे पोटच पोट.

माझा जन्म एका मालवाहू जहाजावर झाला. एका म्हाताऱ्या खलाशाने सुती दोरीला गाठी मारत मला विणले आणि जहाजावरच्या आचाऱ्याला भेट दिले. तेच आमचे आजोबा. जहाज कितीही डोलले तरी मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचो. खलाशी म्हणायचे, "आपला आचारी एकदा झोपला की वादळाच्या बापाला ऐकत नाही!" तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा.

नोकरी संपल्यावर आजोबा मला खांद्यावर टाकून मुलाच्या घरी राहायला आले. घर लहान. मला टांगायला बाहेरच्या खोलीतच जागा होती, भिंतीतली कडी आणि खिडकीचे गज यांच्यामध्ये. सुनेने हसत विचारले, "बाबा, याला म्हणतात तरी काय?"

आजोबा खुलले. "अगं, पार तिकडे लांबच्या बेटांवरचे लोक याला 'हमाका' म्हणायचे. परदेशी खलाशांनी वस्तू उचलली, तसं नावही उचललं. पुढे एका देशातल्या लोकांना तो शब्द काही उमगेना. मग त्यांनी त्याचा आपल्या भाषेत अर्थ लावून टाकला, लटकती चटई! आणि इंग्रजांनी त्याच 'हमाका'चं केलं हॅमॉक. आपण आपली झोळी म्हणायचं."

"झोळी नका हो म्हणू, बाबा," मुलगा पटकन म्हणाला. "भीक मागितल्यासारखं वाटतं. आणि दारातून येणाऱ्याला पहिली हीच दिसणार. लोक म्हणतील, बापाला साधा पलंग देत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःकडे नीट पाहिले. रंग उडालेला, कडेच्या दोऱ्या सुटलेल्या, अंगाला फोडणीचा वास. मुलाचे तरी काय चुकले, असेच मला वाटले.

मुलगा वाईट नव्हता हं. त्याने आतल्या खोलीत जाड गादीचा पलंग आणला. पण त्यावर आजोबांना झोप लागेना. मग ठरले, एरवी मी आणि पाहुणे आले की पलंग. दाराची घंटा वाजली रे वाजली की मुलगा मला सोडून धुण्याच्या बादलीत कोंबायचा. मळक्या मोज्यांखाली बसून मी पाहुण्यांचे हसणे ऐकायचो आणि लाजेने आणखी आकसायचो.

एका दुपारी मुलाचे साहेब चहाला आले. आजोबांचा नुकताच डोळा लागला होता. त्यांना उठवून पलंगावर पाठवले, मी बादलीत. गप्पा रंगल्या आणि तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. आजोबा सवयीने कुशीवर वळले होते, आणि त्यांना धरायला बाजूला मी नव्हतो. मनगट मोडले. सगळे धावत आत गेले तर आजोबा जमिनीवर बसून कळ सोसत हसत होते.

"पलंग झकास आहे हो, साहेब," ते म्हणाले. "मुलानं मुद्दाम माझ्यासाठी घेतलाय. मलाच मेल्याला नीट झोपता येत नाही."



आजोबांच्या हाताला प्लास्टर घातल्यावर मुलाने मला बादलीतून काढले, स्वतः धुतले, वाळवले आणि पक्की गाठ मारून टांगले. "आता कुणीही येऊ दे, ही इथून हलायची नाही," तो बायकोला म्हणाला. आजोबांना एका हाताने माझ्यात चढता येत नाही, म्हणून तोच त्यांना उचलून ठेवतो. मला वाटले, संपले आपले लपणे.

परवा घंटा वाजली. मुलगा दाराकडे निघाला, तशी आजोबांनी त्याची बाही धरली.

"अरे थांब," ते हळूच म्हणाले. "आधी मला आत नेऊन ठेव. लोक बघतील."

घंटा पुन्हा वाजली. मुलगा तिथेच उभा राहिला.

मित्रांनो, माझ्या सुटलेल्या दोऱ्या पुन्हा बांधता येतात. सून फावल्या वेळात बांधतेही. पण आजोबांना लागलेली ही लाज कशी सोडवायची, ते आम्हाला कुणालाच कळत नाही. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू लपवायला निघालात, तर ती कुणाची आहे ते आधी बघा. त्या माणसाला सगळे कळत असते.