बाथरूमचा उतार

मिस्त्रीच्या हाती भिंत सोपवावी आणि निर्धास्त राहावं. ओळंबा लावून बघणाऱ्यानेच ओशाळावं, इतकी सरळ टाइल तो लावायचा. अडचण एवढीच की गडी जमिनीवरही तितकाच सरळ होता. आणि बाथरूमची जमीन सरळ करून चालत नाही. तिला जाळीकडे उतार द्यावा लागतो, तोही डोळ्याला दिसू नये आणि पाण्याला मात्र कळावा असा. मिस्त्रीच्या जमिनीवर पाणी आगंतुक पाहुण्यासारखं ठाण मांडून बसायचं.

तो उतार काढायची त्याची बायको. तिचं अख्खं लहानपण गावाकडे भाजीच्या वाफ्यांना पाणी देण्यात गेलं होतं. कुठे पायाने माती दाबली की पाणी वळतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. चार वर्षांपूर्वी दोघं लेकीला घेऊन बांधकामावर आली आणि पहिल्याच महिन्यात मिस्त्रीवर केलेली जमीन फोडायची पाळी आली. तेव्हा तिने डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं, गाल जमिनीला टेकवून एक डोळा मिटला आणि थापी हातात घेतली. त्या दिवसापासून नवरा भिंतीशी, बायको जमिनीशी आणि दार आतून लोटलेलं, असा त्यांचा संसार चालू होता. बाहेर मात्र तो कारागीर आणि ती हाताखालची बाई. मुकादम हजेरी घेताना "मिस्त्री अधिक एक!" असं ओरडायचा, म्हणून साइटवर तिचं नावच अधिक एक पडलं. तिला त्याचं काही वाटत नसे. खोटं कशाला बोला, थोडं वाटायचं.

इमारत संपत आली तशी इंजिनीअर मॅडम मिस्त्रीला म्हणाल्या, "दुसऱ्या शहरात वसतिगृह बांधतोय. तीनशे बाथरूम. तुमच्यासारखा उतार कोणालाच जमत नाही, तुम्हीच चला. हाताखालची माणसं मात्र तिकडचीच घ्यायची आहेत. उद्या सकाळी एक उतार सगळ्यांसमोर काढून दाखवा, म्हणजे मला मोठ्या साहेबांना सांगता येईल."

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत नवरा-बायको समोरासमोर बसली.

"आता गं?" तो म्हणाला.

"आता काय? उद्या दार लोटता यायचं नाही."

"मी करतो कसंतरी. चार वर्षं बघतोच आहे की."

"आणि जमलं तर?"

जमलं तर तो एकटा जाणार आणि ती लेकीला घेऊन सासरी परतणार. सासूबाई मनाने चांगल्या होत्या, पण तिथे चूल आणि गोठा. थापी तिच्या हातात कोण देणार होतं? आणि नाही जमलं तर काम दोघांचंही गेलं. तिला रडायला येत होतं. आपलं काम आपल्याला इतकं आवडतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं आणि ते कळून आणखीच राग आला.

सकाळी दारात सगळे कारागीर जमले. मुकादम पुढेच. मॅडमच्या हातात काचेची एक गोटी होती. चारही कोपऱ्यांतून सोडली आणि चारही वेळा जाळीत गेली, तर उतार खरा. मिस्त्रीने सिमेंटचा माल पसरायला घेतला. कपाळावर घाम, पण हात नेटाने चालला होता. जाळीच्या बाजूने बरं जमत होतं. खिडकीखालचा कोपरा मात्र खाली राहिलेला तिला उभ्या उभ्याच दिसला. गोटी तिथेच जाऊन बसणार आणि चार वर्षांचं नाव सगळ्यांच्या देखत मातीत जाणार.

गप्प राहायचं तिने ठरवून पाहिलं. जमलं नाही. ती खिडकीकडे बघत दोनदा खोकली.

मिस्त्रीला बरोबर कळलं. त्याने थापीवर माल घेतला, त्या कोपऱ्याकडे सरकला आणि थांबला. वळून तिच्याकडे बघितलं. त्याला एकट्याला पाठवायला ती स्वतःच मदत करत होती. त्याने थापी खाली ठेवली.

"मॅडम, भिंती माझ्या. उतार हिचा. आजवरचा एकूण एक."

"काय मिस्त्री, आज सकाळीच घेतली की काय?" मुकादम म्हणाला आणि सगळे हसले.

"दार लोटून घ्यायचो ते लाज वाटायची म्हणून. आता हिला घरी धाडून तिथे तीनशे बाथरूममध्ये तळी करू का?"

मॅडम हसल्या नाहीत. "करा बघू, बाई," म्हणाल्या.

तिने पदर खोचला आणि गाल मालाला लागेल इतकी वाकली. कोपऱ्यात भर घातली, जाळीपाशी खरवडलं, मधे नुसतं थोपटलं. "पातळ नको, घट्ट द्या," ती नवऱ्याला म्हणाली आणि त्याने मुकाट्याने घट्ट माल दिला. टाइल्स बसल्या. मॅडमनी गोटी चार कोपऱ्यांतून सोडली, चारही वेळा जाळीत गेली. मुकादमाला पटेना. त्याने स्वतः पाचव्यांदा सोडली, तीही गेली.

"जागा तुमची," मॅडम म्हणाल्या. "लेकीला तिथे पाळणाघर आहे. भिंतींना कोणीतरी लागेल, बाई. तिकडचा माणूस देऊ, की तुमच्या ओळखीत कोणी आहे?"

घमेलं धरून मिस्त्री उभा होता. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने गालावरचं सिमेंट पुसलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या उत्तरासाठी एवढी माणसं थांबली होती, म्हणून तिने जरा वेळ घेतला.

"हे चालतील," ती म्हणाली. "भिंत सरळ लावतात."