आईने सांगितलेला देश

गाव भारताचं, पण चारी बाजूंना बांगलादेश. धरणीकांत बर्मनचा जन्म अशाच गावात गेला. ना वीज, ना दवाखाना. पोराला सीमेपलीकडच्या शाळेत घालायचं तर बाप म्हणून शेजारच्या बांगलादेशी गावातल्या कुणाचं तरी नाव लावायचं. शेवटी २०१५ साली दोन्ही देशांनी अशा गावांची अदलाबदल ठरवली. गाव बांगलादेशात जाणार होतं. माणसांनी मात्र आपापला देश स्वतः सांगायचा होता.

धरणीचं पक्कं होतं. तळं, सुपारीची झाडं सोडून जायचं कुठे? धाकटा भाऊ तारिणी आणि म्हातारी आई त्याच्याच घरात जेवत. त्यांचंही तेच असणार, असं तो धरून चालला होता.

जुलैत दोन्हीकडचे साहेब एका टेबलाशी बसले. धरणीने "बांगलादेश" सांगितलं. मागून तारिणी पुढे झाला आणि म्हणाला, "भारत."

"झोपेत आहेस का रे?"

"दादा, माझ्या पोरीच्या दाखल्यावर बाप म्हणून मोमिनभाई आहे."

"आता तुझं नाव लागेल की!"

"लागायला हवं होतं तेव्हा लागलं नाही."

साहेब आईकडे वळले. "मावशी, तुम्ही?"

"तिला काय विचारता? माझ्याबरोबर लिहा," धरणी म्हणाला.

"भारत," आई म्हणाली.

धरणी गर्रकन वळला. "आई! याने शिकवलं ना तुला?"

"मला कोण शिकवतंय? सुशीलाला तिकडे भारतात, हल्दीबाडीला दिली. मध्ये कुंपण आलं, तेव्हापासून पोरीचं तोंड पाहिलं नाही. दोन बाळंतपणं झाली तिची. तू कधी नाव तरी काढलंस बहिणीचं?"

साहेबांनी आईचा अंगठा घेतला.

पुढे त्याने चिडून पाहिलं, विनवून पाहिलं. आई हलली नाही. नोव्हेंबरात भारतात जाणाऱ्यांची बस आली, तेव्हा तिची पत्र्याची पेटी त्यानेच वर चढवली. तिने त्याच्या दंडाला हात लावला.

आठ दिवसांनी सुशीलाचा फोन आला. त्याने आवाज ओळखलाच नाही.

मग आई बोलायला आली. "कापणी झाली का रे?"

"झाली," तो म्हणाला. भात शेतात उभाच होता.